अक्का झोपलेल्या नाहीत!

डोळ्यांच्या डॉक्टरकडे चष्म्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. चष्मे लोक घेऊन जातात, किस्से टेबलावर ठेवून जातात! चंदीगडला शिकून मी बारामतीत दवाखाना थाटला आणि पहिल्या पावसाळ्याआधीच माझं कपाट भरलं.

*

जळोचीचे एक निवृत्त गुरुजी आले. "चांगली झोप होते हो, तरी जो तो विचारतो, रात्री जागलात का?"

मी म्हटलं, "वयानं पापणीची कातडी सैल पडते, तिला उचलणारा स्नायूही ढिला होतो. जुन्या मोज्यासारखं! थकते ती पापणी, माणूस नव्हे."

"हे पाटीवर लिहून गळ्यात अडकवू का?"

*

मग एका गोडाऊनचे वॉचमन तात्या. ड्युटीवर झोपतात म्हणून मालक रागावलेला. मी ठसठशीत सर्टिफिकेट दिलं: 'इसम पूर्ण जागा असतो.'

तात्या वाचून म्हणाले, "एक कापी बायकोला बी द्या!"

*

खरी लढाई हौसाक्कांची. कळसजवळच्या एका वाडीच्या सरपंच, बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या. उपसरपंच उत्तमराव गावभर सांगत, "अक्का थकल्यात, मीटिंगला डुलक्या काढत्यात. राजीनामा द्यावा." खरं दुखणं वेगळंच! अक्कांनी पाण्याची बोअर उत्तमरावांच्या मळ्यालगत न देता बौद्धवस्तीत मंजूर केली होती.

मी तावातावानं म्हटलं, "अक्का, छोटं ऑपरेशन आहे. जास्तीची कातडी काढू, तोंडं बंद होतील!"

"मला दिसतंय की, पोरी. बघवत न्हाय त्याला. ऑपरेशन त्याचं कर!"

*

ग्रामसभेला मी पापणीचं चित्र घेऊन गेले. कातडी, स्नायू, सगळं समजावलं.

उत्तमराव हसले. "डॉक्टरीणबाई, लांब शिकून आलात. हितली माणसं तुमाला काय ठावं?"

"माणसं नसतील ठाऊक," मी म्हटलं, "पापण्या ठाऊक आहेत! आणि ह्या बाई जाग्या आहेत!"

बायकांच्या बाजूनं टाळी पडली. उत्तमराव चिडले. अक्का खुर्चीत तशाच, पापण्या अर्ध्यावर, हात मांडीवर.

"बघा, आत्ता बी झोपल्यात! अक्कांनी राजीनामा द्यावा, असं ज्यास्नी वाटतंय त्यांनी हात वर करा!"

चार-दोन हात वर गेले. पापण्या तसूभरही न उचलता अक्का बोलल्या.

"उत्तमराव, तुमी दोन्ही वर केल्यात. एक खाली घ्या. मत एकच धरत्यात."