शालीखालची बोटं

लॅबच्या बाकावर मी सुमनला, माझ्या बायकोला, धरून बसलो आहे. समोर तिच्या रक्ताची नळी उभी आहे. रक्त तळाला बसलंय, वर पिवळट पाणी आलंय.

गोठ्याच्या चौकटीवर तिचं डोकं आपटलं, तेव्हा पहिल्या डॉक्टरने "किरकोळ मार आहे" म्हणून घरी धाडलं. तो राग अजून गेलेला नाही. तीच चौकट मलाही एकदा लागली होती, पण मी दुसऱ्या दिवशी बैलबाजारात उभा होतो. हिला अजून गरगरतं, शब्द सापडत नाहीत.

नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा मारानंतर रक्तातली चरबी बदलते. बायकांत एक तऱ्हा, पुरुषांत दुसरी. पक्कं माप अजून कुणाकडे नाही."

"मग त्या पहिल्या डॉक्टरने माझ्यासारख्या पुरुषाच्या मापाने हिला का मोजलं?" मी ओरडलो.

"अहो, हळू. बाजार आहे का हा?" सुमन म्हणाली.

जन्मभर मी रुमालाखाली बोटं धरून, बोटांच्या खुणेनेच भाव सांगत, बैलांचे सौदे केले. बोटांवरून समोरच्याचं मन ओळखलं. त्या पिवळ्या पाण्याला मात्र बोटं नाहीत.

घरी आम्ही दोघं गंमत म्हणून असाच सौदा खेळतो. मी तिची दोन बोटं धरली, की ती हटकून माझी तीन धरते आणि हसते. आत्ता भीती घालवायला मी शालीखाली तिची दोन बोटं धरली आणि वाट पाहिली.

"बोटं का दाबताय?" तिने विचारलं.