भाजावळीचा वास

लालबागच्या आमच्या चाळीत नुसत्या वासावरून दारू ओळखणारा माणूस एकच, आणि त्याच्या गळ्यात तुळशीची माळ! गुणाजीकाका. परळच्या एका क्लबात अठरा वर्षं बेअरर. साहेबांचे रिकामे ग्लास धुण्याआधी हुंगायचे, एवढंच त्यांचं व्यसन.

काळ दारूबंदीचा, पिणारे सगळे परमिटवाले. बाहेर रस्त्यावर रोज संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा. क्लबात सेक्रेटरी नवा आला होता. एके दुपारी त्यानं कपाटातल्या अर्ध्या बाटलीतली स्कॉच ग्लासात ओतून तोंडाला लावली आणि थुंकलाच.

"फिनेल! खरी स्कॉच कुठं विकलीस रे?"

"साहेब, ही अशीच असते."

"मला शिकवतोस? दे कपाटाची किल्ली! पोलिसांतच देतो. मुंबई पाहिजे म्हणे यांना, आधी एक बाटली सांभाळा!"

किल्ली गेली. आता नोकरी जाणार, वर चोर म्हणून नाव होणार. काकांनी शांतपणे त्याच्या ग्लासात पाणी ओतलं.

"बघा. फिनेल असतं तर दुधासारखं झालं असतं."

ग्लास सोनेरीच राहिला.

"मग हा वास कसला?"

"जळक्या मातीचा. आमच्याकडे पेरणीआधी शेण, पालापाचोळा पसरून शेत भाजतात. भाजावळ म्हणतो आम्ही. तोच धूर हा. आणि मागून खारा वारा येतो, समुद्रावरचा."

"म्हणजे चोरून पितोस!"

"माळ आहे गळ्यात. परमिटही नाही. पण नाकाला परमिट लागत नाही, साहेब."

कोपऱ्यात गिरणीचा म्हातारा स्कॉटिश इंजिनियर बसला होता, तो खदाखदा हसला. उठून आला, बाटलीतली थोडी ओतून घेतली, एक घोट जिभेवर घोळवत डोळे मिटून उभा राहिला.

"बरोबर बोलतोय तो," मोडक्या हिंदुस्तानीत तो म्हणाला. "आमच्या बेटावर दलदलीतली माती वाळवून जाळतात, तिच्या धुरावर या दारूची बार्ली सुकवतात. गुणाजी, गाव कुठलं तुझं?"

"मालवणजवळ, साहेब. महाराष्ट्रात."

सेक्रेटरी फणकारला, "असलं राज्य नकाशात नाही!"

"येईल की," काकांनी हात पुढे केला. "आधी किल्ली द्या."