पावसाळ्यातली साफसफाई
पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा घरोघर सुकट भाजतात; तो वास आला की मला आमच्या मच्छीमार सोसायटीतला लिनक्सवाला कॉम्प्युटर आठवतो आणि स्वतःचाच राग येतो. भर पावसाळ्यात त्याची डिस्क गच्च भरली, म्हणून दोन महिने कुणी न उघडलेली पॅकेजं, म्हणजे त्यातले प्रोग्राम, मी धडाधड उडवली. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून बोटीचे प्रमुख, म्हणजे तांडेल, आले, तर जीपीएसमध्ये खडकांच्या खुणा भरणारा प्रोग्रामच गायब; पुन्हा टाकावा तर नेट बंद. “दोन महिने कुणी वापरला होता तो?” मी चिडून विचारलं. तांडेल म्हणाले, “दोन म्हयने बोट पन वर काढलेली हाय. ती पन फोडतोस काय?” आजही मशीन ‘काढून टाकू का?’ विचारतं, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसतो, “आधी बोटी पाण्यात जाऊ देत!”