बंगल्याची कमान आणि आमचा मिस्त्री

मिस्त्री भिंतीला बोटाच्या पेरानं ठोकायचा, बाजारात कलिंगड ठोकतात तसं. मग सांगायचा, "इथं आत पोकळ आहे." खोदलं की पोकळच निघायचं.

माणूस भांडखोर. वीस वर्षं मी त्याच्या हाताखाली चुना कालवला, त्यातली निम्मी भांडणात गेली. चुना मनासारखा नसला की तो घमेलं उपडं करायचा. "भिंत तुला माफ करील, मी नाही," म्हणायचा.

कल्याणला इंग्रजांच्या वेळचा दगडी बंगला दुरुस्तीला निघाला. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, बर्फ घसरून जावं असं उभट छप्पर, दिवाणखान्यात शेकोटी आणि वर धुराडं. मिस्त्री धुराड्यात डोकं घालून हसला. "शेवंता, साहेबानं आपल्या गावचं घर जसंच्या तसं इथं उभं केलं. उकडून मेला असेल." मग दगडांचे सांधे बघत म्हणाला, "हात मात्र आपल्याच पाथरवटांचे."

पुढच्या कमानीचा माथ्यावरचा दगड खाली सरकला होता. इंजिनीअर म्हणाले, "कमान पाडू, सिमेंटचा बीम टाकू." मिस्त्रीचं तोंड उतरलं. "साहेब, एका दगडापायी घराचं नाक कापता?"

"बरं, बसवा. पण टेकू काढल्यावर जरा जरी हलली तर पाडणार."

गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून मी चुना मळला. त्यानं चार वेळा परत पाठवला. पाचव्यांदा मी म्हटलं, "आता तूच मळ." तेव्हा घेतला.

दीड महिन्यानं टेकू काढायचा दिवस आला. मिस्त्रीच्या घराण्याची रीत होती, टेकू काढताना बांधणारानं कमानीखाली उभं राहायचं. तो तंबाखू मळत उभा राहिला.

"शेवंता, बाहेर हो."

"चुना कुणी मळलाय?" मी म्हटलं आणि शेजारी उभी राहिले.

टेकू निघाला. वर कट्ट वाजलं, चिमूटभर भुकटी त्याच्या टकलावर पडली. मग काहीच नाही. इंजिनीअर आत येऊन वर बघत राहिले. मिस्त्री तोंडातल्या तोंडात म्हणाला, "चुना बरा होता." वीस वर्षांत पहिल्यांदा.

"कमानही बरी आहे," मी म्हटलं.

गेल्या वर्षी तो गेला. मला रडारड जमत नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी रिक्षा करून बंगल्यावर गेले आणि कमानीखाली बसून भाकरीचं फडकं सोडलं. वॉचमन ओरडत आला, "आजी, इथं बसायचं नाही."

म्हटलं, "कमान माझी आहे. जेवून उठते."