तांबडी सुमती, पांढरी सुमती

देव माझ्या सासऱ्यांना घडवताना लाज घालायची विसरून गेला, आणि चूक लक्षात आल्यावर त्यांच्या वाट्याची सगळी लाज त्यानं सुनेच्या पदरात टाकली, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. तर या मामांपायी मी गल्लीत, बाजारात, दवाखान्यात, इतकंच काय माहेरीसुद्धा मान खाली घालून फिरलेली आहे. माणूस वाईट म्हणाल तर मुळीच नाही. उलट जीव लावणारा. पण त्यांनी एकदा जीव लावायचं ठरवलं की समोरच्यानं पळून जायचं तरी कुठं, एवढंच मी विचारते.

त्यांचा उभा जन्म साखर कारखान्याच्या नोकरीत गेला. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या, पाठोपाठ निवृत्तीही आली आणि रिकामं घर त्यांना खायला उठलं. अशात मोबाईलवर कुणीतरी फळांची स्मूदी करून दाखवली आणि साखरेवर पोसलेला हा माणूस रातोरात साखरेचा वैरी झाला. तेव्हापासून आमच्या घरात कोंबड्याआधी मिक्सर आरवायला लागला. पपई, चिकू, भिजवलेले बदाम, शेवग्याचा पाला, जे हाताला लागेल ते आत. गाळणं त्यांना मान्य नाही. देवानं फळाला चोथा दिलाय तो काय फेकायला, असं म्हणून ते पेला हातात देत आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसत. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी पालक पाजलाय. माझी आई जिना चढून धापा टाकत आली, तर तिनं चप्पल काढायच्या आत तिच्या हातात कारलं-सफरचंदाचा पेला. तेव्हापासून आई मला भेटायला देवळात बोलावते.

त्यात आणखी शब्दाचा घोळ. स्मूदी काही त्यांच्या जिभेला वळली नाही, तिची झाली सुमती. संध्याकाळी कट्ट्यावर चार म्हाताऱ्यांत बसून हे खणखणीत आवाजात सांगणार, "सुमतीबिगर माझी सकाळच हुईत न्हाय बघा." विधुर माणसानं हे असं बोलायचं, म्हणजे बघा की. गल्लीतल्या बायका कितीतरी दिवस माझ्याकडं कणव येऊन बघत होत्या. शेवटी एकीनं विचारलंच, की त्या सुमतीबाई राहायलाच आल्यात की नुसत्या सकाळच्या येतात. मी घरी येऊन हात जोडले, मामा, निदान ज्यूस तरी म्हणा. तर म्हणाले, ज्यूस वेगळा आणि सुमती वेगळी, शिकलेली असून अडाण्यागत बोलू नकोस.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं. पण मग माझ्या नणंदेच्या लग्नाचं निघालं. ती जयसिंगपूरच्या शाळेत शिकवते. स्थळं बघून, नाकारून आणि नाकारली जाऊन ती अगदी विटली होती. त्यात मुरगूडचा एक मुलगा तिला मनापासून आवडला. दोघं फोनवर बोलायलाही लागली होती. फक्त घरच्यांची भेट बाकी होती. "वहिनी, हे जमलं नाही तर मी पुन्हा कुणापुढं बसणार नाही," असं ती मला स्वयंपाकघरात म्हणाली आणि ते मामांनी ऐकलं. ऐकलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

पाहुणे रविवारी दुपारी जेवायलाच आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक भारदस्त चुलते. मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सगळं मी जातीनं केलं होतं. नणंदेच्या निऱ्या सारख्या करायला म्हणून मी आत गेले, तेवढ्यात मामांनी पाहुण्यांना बसवून ताटं मांडली, भाकरी वाढली आणि प्रत्येक ताटात दोन वाट्या भरून ठेवल्या. एकीत बीट-डाळिंबाची लालभडक सुमती, दुसरीत केळं आणि नारळाच्या दुधाची पांढरी. पेल्यात दिली असती तर निभावलं असतं. पण पेल्यातलं माणसं घटाघटा ढोसतात आणि वाटीतलं चवीनं खातात, हा त्यांचा शोध. आता तुम्हीच सांगा, कोल्हापूरकडच्या माणसापुढं भाकरीशेजारी एक तांबडी आणि एक पांढरी वाटी ठेवली तर त्यानं काय समजायचं?

मी मटणाचं पातेलं घेऊन बाहेर आले तेव्हा चुलत्यांनी अख्खी भाकरी कुस्करून तिच्यावर तांबडी वाटी ओतली होती आणि वर कांदा टाकून लिंबूही पिळलं होतं. घास तोंडात गेला आणि तिथंच थांबला. आमच्याकडं दुसऱ्याच्या घरच्या रश्श्याला कुणी नाव ठेवत नाही, म्हणून त्यांनी तो कसाबसा गिळला. मुलाच्या वडिलांनी पांढरी वाटी तोंडाला लावली होती, ते आता छताकडं बघत होते. काय झालंय ते मला कळलं. तेवढ्यात मामा छाती काढून पुढं झाले. "काय पावणं, सुमती कशी झालीया?"

चुलते हळूच मुलाच्या वडिलांकडं झुकले. "पोरीचं नाव सुमती हाय व्हय?"

एखादा हसला असता तर तिथंच निभावलं असतं. पण मुलाच्या आईनं हात ताटाबाहेर काढला. "पावण्यांची अशी थट्टा आमच्यात करत न्हाईत," असं म्हणून ती उठली, आणि तिच्यामागं सगळेच उठले. भरल्या ताटावरून पाहुणे उठले. त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर मी पातेल्यासकट पोटात गेले असते. नणंद आतल्या दाराशी उभी राहून सगळं बघत होती. मामा त्यांच्या मागं मागं पायरीपर्यंत गेले. "थट्टा न्हाय ओ," ते म्हणत होते. "पोरगी द्यायची त्या घरातली माणसं धडधाकट ऱ्हावीत, एवढंच मनात हुतं."

तरी लग्न मोडलं नाही. मुलगा पक्का निघाला, त्यानं आईची समजूत काढली. निरोप फक्त एवढाच आला, की पुढची बोलणी बाहेरच करू आणि वडिलांना जरा आवरा. नणंदेनं तो मला अगदी हळू सांगितला, पण आमच्या घरात हळू बोललेलं आधी मामांनाच ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर वाजला नाही. बघते तर तो धुऊनपुसून माळ्यावर चढवलेला, आणि मामा चहा पीत बसलेले, साखर घातलेला. कट्ट्यावर जाणंही त्यांनी सोडलं. इतकी वर्षं मी देवाकडं जे मागत होते ते त्यानं दिलं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

गेल्या महिन्यात लग्न झालं. जेवायच्या वेळी मुलीच्या बापानं पंगतीत फिरून आग्रह करायचा असतो. पंगत बसली तरी मामा नवा फेटा बांधून खांबाशी उभेच होते. मी जवळ गेले तर त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज अगदी खाली आणला.

"सूनबाई, मी जरा पंगतीत फिरलो तर चालंल न्हवं? कुणाला काय बोलणार न्हाय."

त्यांनी मला असं विचारावं, याची मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या वाट्यांचीही वाटली नव्हती. मी म्हटलं, मामा, बाप तुम्ही, तुम्ही नाही फिरायचं तर कोणी फिरायचं? मग ते भाताचं ताट घेऊन निघाले. चुलत्यांच्या पानापाशी थांबले. चुलत्यांनी पानावर हात आडवा धरला. आडवा हात म्हणजे आमच्याकडं नको नसतं, अजून थोडा आग्रह करा, असं असतं. चुलते तसाच हात धरून हसत वर बघत राहिले, आणि मामा मान हलवून पुढच्या पानाकडं गेले.