तंबूतल्या पडद्यावरची सखू

गेल्या सोमवारी आमच्या शिरपूरला बाजाराच्या मैदानात टॉकीचा तंबू लागला. शाळा सुटल्यावर मी एकटाच पहिल्या खेळाला गेलो. त्यात काम करणाऱ्या बाई ओळखीच्या होत्या... जायचं कारण एवढंच.

ओळखीच्या म्हणजे, बारा वर्षांपूर्वी त्या नाटक कंपनीबरोबर इथं आल्या होत्या. हिवतापानं पडल्या, कंपनी पुढे वाशीमला गेली आणि बाई आठ दिवस आमच्या घरी राहिल्या. माझी विधवा बहीण सखू हिनं त्यांचं सगळं केलं. बाई बोलायच्या फार कमी. खाटेवर पडून सखूकडे नुसत्या बघत राहायच्या.

पुढे त्यांचं नाव झालं. नाटकात राणी, मोलकरीण, एकदा तर राजपुत्र. मूकपटात हाती तलवार, बोलपटात कधी गाणारी नायिका, कधी खाष्ट सासू. मी जमेल तेव्हा अकोल्याला जाऊन पाहत आलो. दर खेपेला बाई निराळ्या... इतक्या, की आमच्या घरी राहिलेल्या बाईंचा स्वतःचा चेहरा कसा होता, हे मला आज सांगता येणार नाही.

सोमवारी त्या एका गरीब घरातली विधवा झाल्या होत्या. दारात कुणीतरी काहीतरी विचारलं. उत्तर देण्याआधी बाईंनी पदराचं टोक बोटाभोवती तीनदा गुंडाळलं, अगदी सखू गुंडाळायची तसं. समोर सखू उभी होती.

सखूला जाऊन दोन वर्षं झाली. तिचा एकही फोटो नाही. काढू, काढू म्हणत मीच राहू दिलं. अलीकडे आई सारखी म्हणायची, "तिचं तोंड आठवून नाई राह्यलं मले." डोळे मिटून बराच वेळ बसायची, मग उघडून मान हलवायची. मला ते बघवत नसे.

तंबू गुरुवारी उठणार होता. आईला न्यावं का? डायरीत दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. नेलं आणि धक्का बसला तर? नाही नेलं, तर ते तिच्या काळजीनं, की माझ्याच भीतीनं?

शेवटी शेजारच्या हुसेनभाई शिंप्यांना विचारलं. त्यांनी मशीनही थांबवली नाही. "मास्तर, तुमी तं पोराचा पेपर तपासल्यावानी करून राह्यले. लेक तिची, तिलेच इचारा ना." मी खजील झालो. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती आत गेली आणि धुतलेलं लुगडं नेसून आली.

बुधवारी तंबूत दोरीच्या अलीकडे मी, पलीकडे बायकांत आई. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होतो. ती अगदी स्थिर बसली होती.

मग तो प्रसंग आला. विधवा चुलीपाशी पाठमोरी बसलेली, आणि मागे वळून न बघता म्हातारीला विचारते, "आई, जेवलीस का?" सखू रोज असंच विचारायची, पाठमोरीच. सिनेमातली म्हातारी गप्प राहते, कारण घरात दाणा नसतो.

त्या शांततेत बायकांच्या बाजूनं माझ्या आईचा आवाज आला. "हो वं माय, जेवली."

तंबूत कुणी हसलं नाही. आणि पडद्यावर, पाठमोऱ्या बाईंनी हलकेच मान हलवली...

सोमवारी हलवली होती का? मी तेव्हापासून आठवतो आहे. हलवली असणारच, फिल्म काही बदलत नाही. पण मी शपथेवर सांगू शकणार नाही.

घरी येताना मी आईला म्हटलं, ते पदर गुंडाळणं बाईंनी सखूचंच उचललं. आई चालता चालता थांबली. "नाई. थ्या बाई गेल्यावर सखू तसं करे. आंधी नाई करे." म्हणजे कुणी कुणाचं उचललं होतं? बहीण म्हणून मी जे दोन वर्षं जपलं, त्यातलं तिचं किती?

आम्ही पुन्हा चालू लागलो. तेव्हा आईच म्हणाली, "सखू नाई थे. मले काय समजत नाई का? पन इचारलं तं सांगा लागते."

गुरुवारी सकाळी मैदान रिकामं झालं. आईनं विचारलं, तंबू कोणत्या गावाले गेला. मी म्हटलं, कामरगावले. ती हातातली ज्वारी तशीच सुपात ठेवून बसली.

"थे तिथंबी इचारन," ती म्हणाली. "तिथं कोन सांगन तिले?"

असन कोनी तरी, असं मी म्हणालो खरा... त्या दिवसापासून आईला सखूचं तोंड नीट आठवतं. बाईंना आभाराचं पत्र लिहायला दोनदा बसलो. पण आपण नक्की कुणाला लिहितो आहोत, हे कळेना, म्हणून इथं लिहिलं.