बांगडीवाल्याची मांजर

आरमोरीत आमच्या गल्लीत एक म्हातारा बांगडीवाला यायचा. हातगाडीवर बांगड्यांशेजारी त्याची पांढरी मांजर झोपलेली असायची. मोहाची फुलं गळण्याच्या दिवसांत एका भल्या पहाटे ती चादरीत गुंडाळलेली दिसली.

"घरमालक आंगणात पुरू देत नाई. कायदा काय म्हणते, भाऊ?"

मी ग्रामपंचायतीत कामाला होतो. म्हणालो, "खड्डा खोल पाहिजे, विहिरीपासून दूर. अन् जागा दुसऱ्याची असेल तर त्याची परवानगी, चाचा."

"मांजर कुठी मालक मानते? मलेच मानावं लागते."

मी कुदळ आणली. आमच्याच अंगणातल्या मोहाखाली आम्ही तिला पुरलं. ताज्या मातीवर फुलं संथ गळत होती.

"इथी थोडं बसलो तर चालन का?" त्यानं विचारलं.

मी मान डोलावली. गल्ली जागी होईपर्यंत तो उठला नाही.